नायजर फुगतोय, कोरिया आटतोय. सुरुवात तर दोघांची सारखीच होती ना?

चौकस पामर

नमस्कार मंडळी,

गेले काही दिवस देशोदेशीच्या लोकसंख्येचे तक्ते चाळत बसलोय. जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथल्या जाणकारांना साकडं घालतोय.

१९६० साली दक्षिण कोरियात एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये सातच्या वर. म्हणजे फरक किरकोळ. २०२३ मध्ये कोरिया पाऊण मुलाच्याही खाली आला (०.७२, मी दोनदा तपासलं) आणि नायजर अजून सहाच्या घरात. कोरिया पाच कोटींच्या जरा पुढे जाऊन अडकलाय. नायजर तेव्हा पस्तीसेक लाखांचा होता, तो अडीच कोटींच्या पुढे गेलाय.

शाळेत असताना "गरिबी व अज्ञान" असं लिहिलं की या प्रश्नाचे पूर्ण मार्क मिळायचे. पण गरिबी म्हणावी तर बांगलादेश आडवा येतो. सातच्या आसपासवरून दोनच्या जवळ आला, आणि तो काही श्रीमंत होऊन आला नाही. धर्म म्हणावा तर इराण आडवा येतो. आणि भारताचा आकडा २०१९-२१ च्या पाहणीत २.० वर आला, तरी २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलंच. मुलं कमी होतायत तर माणसं कशी वाढतायत?

कुणी नीट उलगडून सांगेल का? लिंका नकोत. लिंका वाचूनच ही अवस्था झालीय.

सडेतोड

एवढं काय अवघड आहे? जिथे सरकारने दंडुका उगारला तिथे लोकसंख्या आटोक्यात आली. चीनने एक मूल सांगितलं, झालं काम. बाकीचे बसलेत पोस्टर लावत.

आकडेवाली

चौकस, प्रश्न छान मांडलाय. मी लोकसंख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हा माझा दुखरा विषय आहे. लांबण लागेल, आधीच सांगते. सडेतोडराव, तुमच्याकडे शेवटी येते.

पहिली गोष्ट, सगळे फक्त "मुलं किती" हाच रकाना बघतात. सुरुवात मृत्यूच्या रकान्यातून करायला हवी. जुन्या काळी जगात सगळीकडेच बायकांना पाच-सहा मुलं व्हायची आणि त्यातली बरीचशी जायची. जन्म भरपूर, मृत्यू भरपूर, लोकसंख्या जवळजवळ जिथल्या तिथे. स्वीडनमध्ये १७४९ पासून पद्धतशीर नोंदी आहेत, त्यात हे अगदी डोळ्यांनी दिसतं. एखाद्या वर्षी पीक बुडालं की मृत्यूची रेघ उसळी मारते आणि जन्माच्या रेघेला ओलांडून जाते.

मग मृत्यू कमी व्हायला लागले. युरोपात हे फार सावकाश झालं. खाणं सुधारलं, देवीची लस आली, गटारं झाली, नळाचं पाणी आलं. शंभर-दीडशे वर्षं मृत्युदर हळूहळू उतरत होता आणि जन्मदरही त्याच्या मागून उतरत होता. दोघांमधली फट कधी फार रुंदावली नाही.

आता याच्यासमोर श्रीलंका ठेवा. १९४६ साली तिथे हजारी वीस माणसं मरत होती. १९४७ साली चौदा. एका वर्षात! डीडीटी फवारून मलेरिया दाबला हे त्यातलं मोठं कारण मानतात (श्रेय नेमकं किती, यावर आमच्या लोकांत अजून भांडणं आहेत). युरोपला जे करायला पिढ्या लागल्या ते पेनिसिलीन, लसी आणि फवारणीने इतरांना वीस-तीस वर्षांत मिळालं. मृत्यू असे झपाट्याने खाली आले, पण मुलं किती व्हावीत याची सवय इतक्या लवकर बदलत नाही. फट एकदम आ वासून उघडली. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती ती यामुळे. लोक जास्त मुलं जन्माला घालायला लागले म्हणून नव्हे. ती जगायला लागली म्हणून. आज हा वेग एक टक्क्याच्या खाली आलाय.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा असा, की ही फट सगळीकडे उघडली पण मिटायला कुणाला किती काळ लागला? कोरियाने ती पंचवीसेक वर्षांत बरीचशी मिटवली. नायजरमध्ये ती अजून सताड उघडी आहे. तिथला वाढीचा वेग तीन टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे साधारण वीस-बावीस वर्षांत दुप्पट.

आता नायजरमध्ये ती मिटत का नाही? १९९० साली तिथे जन्मलेल्या दर तीन मुलांतलं एक पाच वर्षांचं व्हायच्या आत जात होतं. आता आठ-नऊतलं एक जातं. सुधारणा प्रचंड आहे, पण आज तिशीत असलेली बाई त्या तीनातल्या एकाच्या काळात जन्मलीय. आपल्या आईची किती गेली हे तिने पाहिलंय. तिने सरासरीच्या तक्त्यावर विश्वास ठेवून दोनावर थांबावं अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

दुसरं, तिथल्या चारातल्या तीन मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. शाळा सुटते, पाळणा लवकर सुरू होतो, आणि आई-मुलीच्या वयातलं अंतर कमी झाल्याने पिढ्याही भराभर येतात. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. प्रत्येकी मुलं तितकीच असली तरी विसाव्या वर्षी आई होणाऱ्या समाजाची वाढ तिसाव्या वर्षी आई होणाऱ्या समाजापेक्षा वेगाने होते.

आणि तिसरं, जे ऐकून माझे विद्यार्थी दरवर्षी गप्प होतात. २०१२ च्या आरोग्य पाहणीत नायजरच्या बायकांना विचारलं, तुमच्या मते किती मुलं असावीत? सरासरी उत्तर नऊच्या वर. पुरुषांचं त्याहून जास्त. म्हणजे होतायत त्यापेक्षा जास्त हवीत! तिथे नुसत्या गोळ्यांची खोकी पोचवून काय होणार? जिथे बायकांना कमी हवीत पण साधन मिळत नाही, तो देश वेगळा. जिथे जास्तच हवीत, तो वेगळा. दोघांना एकच औषध देणारे खूप पाहिलेत.

बांगलादेश पहिल्या प्रकारातला. तिथे मतलब नावाचा ग्रामीण भाग आहे. १९७७ मध्ये तिथल्या साधारण निम्म्या गावांत एक व्यवस्था सुरू केली आणि उरलेली गावं तुलनेसाठी नेहमीच्या सरकारी सोयींवर ठेवली. व्यवस्था म्हणजे काय, तर त्याच भागातली, शिकलेली, बहुतेक वेळा स्वतः लेकुरवाळी बाई दर पंधरवड्याला घरोघर जायची. बाई घराबाहेर पडू शकत नव्हती, तर साधन तिच्या दारात. गोळी, निरोध, इंजेक्शन, जे हवं ते. नको असेल तर गप्पा मारून पुढच्या घरी. गोळीने डोकं दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तर पंधरा दिवसांत तीच बाई परत येणार हे माहीत असायचं. माझ्या मते सगळी कमाल या "परत येण्यात" आहे. बाकी ठिकाणी बायका पहिल्याच त्रासाला साधन सोडून देतात आणि पाहणीत "अज्ञान" म्हणून मोजल्या जातात. त्या निम्म्या गावांत जन्मदर लवकर उतरला. दुसऱ्या निम्म्यातही पुढे उतरला, पण मागून. आणि हे सगळं अत्यंत गरीब असताना.

थांबते. इराण आणि दंडुका नंतर.

टकमक

वाचतेय. हे असं पुस्तकात का लिहीत नाहीत!

पण चौकसरावांचा शेवटचा प्रश्न राहिला. दोनच मुलं होत असतील तर वाढ थांबायला हवी ना? आईबाप दोन, मुलं दोन, हिशेब मिटला.

आकडेवाली

टकमक, मिटला असता, जर आजीच्या, आईच्या आणि मुलीच्या वयाच्या बायका सारख्याच संख्येने असत्या तर.

असं समजा, शंभर आज्या आहेत. त्यांच्या जगून-वाचून मोठ्या झालेल्या मुली अडीचशे. त्या अडीचशेंच्या मुली सहाशे. आता या सहाशे जणींनी ठरवलं, दोनावर थांबायचं. तरी त्यांची बाराशे मुलं जन्माला येणार. आणि त्याच काळात म्हातारपणाने जाणार कोण, तर शंभर आज्या नि शंभर आजोबा. बाराशे आले, दोनशे गेले. कुणीही दोनापेक्षा जास्त मुलं जन्माला घातली नाहीत आणि हजार माणसं वाढली. हा मागच्या पिढीचा रेटा. तो ओसरायला आयुष्यभराचा काळ लागतो. भारतात आज जे चाललंय त्यात याचा वाटा सगळ्यात मोठा. जगाचंही तेच. १९५० च्या सुमारास बाईमागे पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास, तरी दरवर्षी सात कोटींच्या आसपास भर पडतेच. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा, की २०८० च्या दशकात हजार कोटींच्या थोडं पुढे जाऊन मग जग उतरणीला लागेल.

हाच रेटा उलटाही चालतो. कोरियात आज विशीतल्या मुलीच कमी आहेत. उद्या सगळ्यांनी अचानक दोन-दोन मुलं घ्यायचं ठरवलं तरी घसरण काही दशकं चालूच राहील.

सडेतोड

गणित मान्य. पण चीनचं काय? तुम्ही ते शिताफीने टाळताय.

आकडेवाली

टाळत नाहीये, भाकरी करपायला आली होती.

चीनचं एक-मूल धोरण १९७९-८० चं. १९७० मध्ये चीनचा आकडा पावणेसहाच्या आसपास होता आणि १९७० चं दशक संपता संपता तीनच्या खाली आला होता. म्हणजे मोठी घसरण एक-मूल धोरणाच्या आधीचीच. त्या दशकातही "लग्न उशिरा, अंतर जास्त, मुलं कमी" अशी मोहीम होती आणि तीही काही गोडीगुलाबीची नव्हती, पण तुम्ही म्हणता तो दंडुका नंतरचा. शेजारी थायलंडने कुणावरही सक्ती न करता सहावरून दोनाच्या खाली मजल मारली. तैवान आणि कोरियाचंही तेच. २०१६ पासून चीनने दोन मुलांना परवानगी दिली, २०२१ मध्ये तीन. मुलं वाढली का? २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटायला लागलीय.

उलट्या दिशेचा दंडुका बघायचा तर रुमानिया. १९६६ च्या ऑक्टोबरात तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. परिणाम जबरदस्त! पुढच्या वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले. बाईमागे १.९ वरून ३.७. वाटलं, जमलं. पण दोन-चार वर्षांत लोकांनी वाटा शोधल्या आणि आकडा परत घसरत गेला. त्या वाटा म्हणजे चोरून केलेले गर्भपात, आणि त्यात इतक्या बायका गेल्या की मातामृत्यूंत रुमानिया युरोपात सगळ्यात वर जाऊन बसला. बंदी उठली ती १९८९ च्या डिसेंबरात, राजवट कोसळल्यावर लगेच. १९६७ ला जन्मलेल्यांची ती जाडजूड पट्टी रुमानियाच्या लोकसंख्येच्या मनोऱ्यात (म्हणजे वयाप्रमाणे पट्ट्या एकावर एक रचून काढलेल्या चित्रात) अजून दिसते.

आता जपानचा मनोरा शेजारी ठेवा (वयोगटांचा नको, एकेका वर्षाचा घ्या). १९६६ च्या जागी एक पट्टी आत गेलीय. सुरीने काप घ्यावा तशी खाच. १९६५ मध्ये अठरा लाखांच्या वर जन्म, १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या वर थोडे, १९६७ मध्ये एकोणीस लाखांच्या पुढे. युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही. जुन्या पंचांगाप्रमाणे ते "अग्नी-अश्व" वर्ष होतं, साठ वर्षांनी एकदा येणारं, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी कजाग निघते, नवऱ्याला खाते, अशी समजूत. कुठल्या सरकारचा हुकूम नव्हता. लाखो जोडप्यांनी आपापल्या घरात ठरवलं, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. समजूत खुळचट आहे, पण जमवलं किती अचूक! मूल कधी आणि किती हे आपल्या हातात आहे असं एकदा लोकांना मनापासून वाटलं की ते काय करू शकतात याचा एवढा स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. आणि ते वाटत नसेल तर हुकूम काढून फार काळ काही होत नाही.

इराणचं थोडक्यात. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर कुटुंबनियोजन गुंडाळलं, इराकशी युद्धाच्या काळात आकडा साडेसहाच्या आसपास. १९८९ मध्ये त्याच राजवटीने, त्याच धर्मगुरूंच्या संमतीने, मोहीम सुरू केली. खेडोपाडी आरोग्यघरं, लग्नाआधी नवरा-नवरीला कुटुंबनियोजनाचा वर्ग सक्तीचा, आणि मुली शाळेत. २००० च्या सुमारास दोनावर. जगातल्या सगळ्यात वेगवान उतारांपैकी एक. आता त्यांना जास्त मुलं हवीयत, कायदे फिरवलेत. मुलं काही फिरत नाहीत.

परका पाहुणा

एक पुरवणी. जन्म-मृत्यूच्या जोडीला ये-जा पण बघा. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, तरी लोकसंख्या तेव्हापेक्षा जास्त आहे, बाहेरून येणाऱ्यांमुळे. संयुक्त अरब अमिरातीत १९८० मध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं होती, आता एक कोटीच्या आसपास, त्यातले बहुसंख्य परदेशी. तिथली वाढ प्रसूतिगृहात शोधाल तर सापडणार नाही.

आणि बल्गेरिया. १९८० च्या दशकाअखेर नव्वद लाखांच्या आसपास, २०२१ च्या जनगणनेत पासष्ट लाख. मुलंही कमी आणि जे जन्मले तेही तरुणपणी निघून गेले. नायजरच्या बरोबर उलटं टोक हवं असेल तर माझं मत कोरियाला नाही, बल्गेरियाला.

टकमक

पण कोरिया एवढा खाली का? दोनावर थांबला असता की. पाऊण म्हणजे अतिच झालं.

आकडेवाली

पाहुणे, बरोब्बर. माझ्याकडून ये-जा राहिलीच होती.

टकमक, कोरियाचं एक गमतीदार टिपण आधी. (गमतीदार म्हणजे आमच्या धंद्यात.) तिथला आकडा २.१ च्या खाली १९८३ मध्येच गेला होता. २.१ म्हणजे पिढी जेमतेम भरून निघते ती पातळी. पॉइंट एक वर यासाठी, की मुली मुलांपेक्षा जरा कमी जन्मतात आणि काही जणी आई होण्याआधी जातात. तर १९८३ ला पातळी ओलांडली आणि "कमी मुलं घ्या" ही सरकारी मोहीम चालली १९९६ पर्यंत! यंत्रणा एकदा उभी राहिली की तिला थांबवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

बाकी कारणं अशी. कामाचे तास अफाट, घरं महाग, शिकवण्यांवर पाण्यासारखा पैसा, आणि बाई नोकरी करत असली तरी घरकाम तिच्याच गळ्यात. बाई शिकली, कमावती झाली, घर मात्र तिच्या आजीच्या काळातलं राहिलं. अशा ठिकाणी बायका मूल नाकारायच्या आधी लग्नच नाकारतात. आणि कोरियात लग्नाशिवाय मूल होणं अजूनही फार कमी आहे. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं अविवाहित आईबापांची असतात, तिथे लग्नं घटली तरी पाळणे चालू राहतात. कोरियात लग्न घटलं की पाळणा थेट घटतो. त्यात जी मुलं होतात ती उशिरा होतात, त्यामुळे त्या-त्या वर्षाचा आकडा आणखी खाली दिसतो. सरकारने पैसे ओतून पाहिलेत. २०२४ मध्ये ०.७५ झाला तर बातमी झाली!

मला विचाराल तर सगळे देश शेवटी एकाच पायरीवर येऊन थांबतील हा जुना सिद्धांत तिथे मोडतो. खाली उतरायची वाट बरीचशी सारखी आहे. खालची जमीन कुठे लागते हे ज्याच्या-त्याच्या घरातल्या कामाच्या वाटणीवर ठरतंय.

चौकस पामर

आकडेवाली, दंडवत. आता तक्ते पुन्हा उघडतो.

एकच शेवटचं. मग नायजर असाच राहणार का? आफ्रिका सगळी तशीच असं सरसकट बोलतात लोक.

आकडेवाली

सरसकट बोलणाऱ्यांना केनिया दाखवा. १९७० च्या दशकाअखेर तिथे बाईमागे आठ मुलं होती, जगात सगळ्यात वरच्या देशांपैकी एक. २०२२ च्या पाहणीत ३.४. इथिओपियात खेड्यांत चार-पाच, पण राजधानी अदिस अबाबात आकडा दोनाच्या आसपास येऊनही बराच काळ झाला. एकाच देशात दोन जगं. नायजरमध्येही बालमृत्यू उतरलेत, आता मुली शाळेत किती वर्षं टिकतात त्यावर माझी नजर आहे. शाळांची आणि लग्नाच्या वयाची आकडेवारी हलली की दहा-पंधरा वर्षांत हाही आकडा हलेल असं मला वाटतं. पण रेटा एवढा साठलाय की लोकसंख्या तरी दुपटीच्या पुढे जाईलच.

सडेतोड

ते अग्नी-अश्व साठ वर्षांनी येतं ना? म्हणजे २०२६. परत खाच पडणार का? पैज लावता?

आकडेवाली

लावते. पडलीच तर किरकोळ. १९६६ मध्ये जोडपी तरुण होती, दुसरं-तिसरं मूल वर्षभर पुढे ढकलणं परवडणारं होतं. आता जपानी बाईला पहिलं मूलच सरासरी एकतिशीत होतं. २०२४ मध्ये तिथे सात लाखही जन्म झाले नाहीत. एवढ्यातून पंचांगासाठी वर्ष सोडणारे कितीसे निघणार? हरलात तर लोकसंख्येच्या पुढच्या धाग्यावर "दंडुका" हा शब्द वापरायचा नाही.